अडीच इंचांचं माप

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात खुर्ची सेवाज्येष्ठतेनं मिळायची, अंगमापानं नाही. कुणी निवृत्त झालं की शाल-नारळ, हार, दोन-चार भाषणं, कागदी प्लेटमध्ये पेढा आणि भडंग, आणि मग त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, त्याच्या खालचा माणूस त्याच्या खुर्चीत बसायचा. त्या माणसाची खुर्ची त्याच्या खालच्याला. असं करत सगळ्या खुर्च्या एकेक घर सरकायच्या आणि शेवटी उरलेली प्लास्टिकची खुर्ची नव्यानं लागलेल्याच्या नशिबी यायची. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. पण नियम मोडणारे आमच्याकडं पुष्कळ होते, ही रीत मोडायची छाती कुणाची नव्हती.

माझी उंची चार फूट नऊ इंच. तीही सकाळच्या वेळी. एकोणीस वर्षांत माझ्या वाट्याला तीन खुर्च्या आल्या आणि तिन्ही दुसऱ्यांच्या अंगाच्या. एकीत आधीच्या गृहस्थांच्या वजनानं एवढा खड्डा पडला होता की मी बसले की टेबलावर फक्त माझं डोकं दिसायचं. दुसरी डावीकडं कललेली, कारण तिचे मालक वीस वर्षं खिडकीतून तंबाखूची पिंक टाकायला डावीकडं झुकत होते. तिन्ही खुर्च्यांत एक गोष्ट सारखी, माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. दुपारपर्यंत मांड्यांना मुंग्या आणि घरी जाईपर्यंत कंबर धरलेली.

सुरुवातीला मी पायाखाली जुन्या प्रवेश अर्जांचा एक गठ्ठा घेतला होता. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळं ऑफिस अण्णा म्हणायचं, त्यांनी तो पाहिला आणि भर ऑफिसात ओरडले, "बाई, सरस्वतीला पाय लावता? तेही कॉलेजात बसून?" मी कानाला हात लावला, गठ्ठ्याच्या पाया पडले आणि तो कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी घराशेजारच्या बांधकामावरून एक वीट आणली, तिला जुन्या साडीच्या कापडाचा अभ्रा शिवला आणि ती पायाखाली ठेवली. आमचा शिपाई, एके काळचा पैलवान, दाराएवढा रुंद माणूस, तो पुढं कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "इठोबा विटंवर उभा, आन् आमच्या मॅडम विटंवर पाय ठिवून बसल्यात. नमस्कार करा की पावणं!"

मी हसायचे. कारण माझा डोळा होता अण्णांच्या खुर्चीवर.

ती खुर्ची सागवानाची. रुंद हात, उंच पाठ, वेतानं विणलेली बैठक आणि पाठीवर कायम एक पांढरा टॉवेल. कॉलेज स्थापन झालं तेव्हापासूनची आहे म्हणायचे. अण्णा तिच्यात बसून "बघू या" म्हणाले की प्राध्यापकही गप्प व्हायचे. मी सही घ्यायला गेले की उभ्या उभ्या तिच्या हातावर बोटं फिरवायचे. तिथलं लाकूड हाताच्या तेलानं काळं आणि गुळगुळीत झालं होतं. अण्णांच्या नंतर सेवाज्येष्ठतेत मीच होते. नवऱ्याला मी किती वेळा सांगितलं असेल, एकदा त्या खुर्चीत बसू दे, मग बघ. तो म्हणायचा, "अंथरूण पाहून पाय पसर म्हणतात, तुझे तर अंथरुणापर्यंत पोचतही नाहीत."

अण्णा निवृत्त व्हायच्या आधी एक वर्ष ती आली.

कागलची पोरगी. पंचवीस-सव्वीसची, पाच फूट नऊ इंच. माझे चार नऊ, तिचे पाच नऊ, देवानं मधला बरोब्बर एक फूट कुणाकडून काढून कुणाला दिला ते दिसतच होतं. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला वरच्या फळीवरची फाईल मागितली. मी सवयीनं स्टूल ओढायला लागले, तर हिनं नुसता हात वर केला आणि फाईल काढून दिली. पायाच्या टाचासुद्धा उचलल्या नाहीत. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढं दोन वर्षं थांबलं नाही.

तसं तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. हेच तर दुखणं. कामाला वाघ, बोलायला मऊ, मला एकदासुद्धा "मॅडम" म्हटल्याशिवाय हाक मारली नाही. पण काउंटरवर आलेली मुलं आधी तिच्याकडं बघायची. मी समोर असायचे, पण ती मुलं माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत तिला म्हणायची, "मॅडम, बोनाफाईड पाहिजे होतं." आणि मग खाली नजर गेली की मला म्हणायची, "काकू, जरा सरकता का?" एकोणीस वर्षं नोकरी केलेली मी काकू, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली ती मॅडम. साधी सुती साडी नेसून आली तरी ती काचेच्या कपाटातल्या बाहुलीसारखी दिसायची. मी पैठणी नेसले तर नवरा म्हणायचा, साडी चालत निघाली.

उंच वाढला एरंड, ही म्हण मी त्या दिवसांत मनातल्या मनात किती घोकली असेल. तिला बघायला आलेली दोन स्थळं उंचीपायी परत गेली, हे डबा खाताना तिनंच सांगितलं. मी "अगं बाई" म्हटलं, आणि त्या दिवशी भाकरी मला जरा जास्तच गोड लागली. लाज वाटते सांगायला, पण लागली.

अण्णांच्या निरोप समारंभात प्राचार्य माझ्याबद्दल बोलले, "मूर्ती लहान पण कीर्ती महान." सगळे हसले, टाळ्या पडल्या आणि अण्णांनी मला हाताला धरून त्यांच्या खुर्चीत बसवलं. एकोणीस वर्षं वाट पाहिलेली जागा. पाठ टेकवून बसायला गेले तर बैठक एवढी खोल की पाय सरळ समोर आले, बाहुलीचे येतात तसे. फोटोत ते तसेच आले आहेत. माझ्या मागं ती उभी आहे, आणि फोटो काढणाऱ्यानं तिचं डोकं मावावं म्हणून दोनदा मागं सरकून मला आणखी बारीक करून ठेवलं आहे.

पण खुर्ची माझी झाली होती. पुढं सरकून काठावर बसले, पायाखाली वीट घेतली, आणि "बघू या" म्हणायला शिकले.

ते सुख आठ महिने टिकलं. मग कॉलेजात मूल्यांकन समिती येणार असं ठरलं आणि सगळीकडं रंगरंगोटी सुरू झाली. आमच्या ऑफिसची सगळी टेबलं-खुर्च्या बदलायची, आणि ज्याच्या त्याच्या मापाची करायची, असं रजिस्ट्रार साहेबांनी ठरवलं. त्यांची मान धरत होती, डॉक्टरांनी त्यांना खुर्चीबद्दल काहीतरी सांगितलं होतं, त्याचा हा प्रसाद. उद्यमनगरातून एक मिस्त्री आला. साठीचा, कानावर पेन्सिल, हातात पत्र्याचा टेप. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना एकदा उभं केलं, एकदा बसवलं आणि नुसता बघत राहिला. मग माझ्या खुर्चीवर थाप मारली.

"ही मोडायची न्हाय. असलं सागवान आता कुठं गावतंय? पर ही तुमच्या अंगाची न्हाय, ताई." त्यानं मान वळवली आणि बोट दाखवलं. "ही ह्या पोरीच्या अंगाची हाय. ह्या पोरीला द्या, आन् तुमास्नी मी झकास बारकी करून देतो."

बारकी. बालवाडीत देतात तशी. भर ऑफिसात. शिपाई खो खो हसला. ती गोरीमोरी होऊन म्हणाली, "नको, नको. ती मॅडमची आहे." तिचं ते "नको नको" माझ्या नाकाला मिरच्यांसारखं झोंबलं. द्यायला ती कोण? जणू तिची होती आणि ती मला सोडत होती. मी म्हणाले, "मिस्त्री, आधी माप घ्या, मग बोला. बसल्यावर माणूस कळतो." मापं दुसऱ्या दिवशी घ्यायची ठरली.

घरी जाऊन मी कपाटाच्या तळातून भाचीच्या लग्नात घेतलेल्या सॅंडल काढल्या. टाच अडीच इंच. त्या लग्नात एक तास घातल्या होत्या आणि नंतर आठ दिवस लंगडत होते. दुसऱ्या दिवशी साडी नेहमीपेक्षा खाली नेसले, इतकी खाली की काठ फरशी पुसत होता, आणि रिक्षानं ऑफिसात गेले.

मी मनात धरून बसले होते की पुरुष माणूस बाईच्या पायाशी टेप लावणार नाही, लांबूनच अंदाज घेईल. अर्धं तसंच झालं. मिस्त्री म्हणाला, "बायकांची मापं मी घेत न्हाय. एक बाई दुसरीचं घिऊ दे, मी लिवून घेतो." आणि त्यानं टेप तिच्या हातात दिला.

मी एका साध्या स्टुलावर बसले. ती माझ्या पायाशी गुडघे टेकून बसली. मिस्त्री पाठ करून लांबून सांगत होता, "गुडघ्याच्या मागल्या खळग्यापास्नं खाली जमिनीपत्तोर." तिनं साडीचा काठ बोटभर बाजूला केला. हात थांबला. मी समोरच्या घड्याळाकडं बघत राहिले. सेकंदकाटा किती हळू चालतो ते त्या दिवशी मला समजलं.

मिस्त्रीनं विचारलं, "चपला काढल्यात न्हवं?"

मी म्हणाले, "रोज घालते तेच घातलंय. आता ह्या वयात अनवाणी बसू का ऑफिसात?"

"किती आलं, पोरी?"

ती जराशानं म्हणाली, "सतरा."

तिचं स्वतःचं अठरा आलं. मिस्त्रीनं डोकं खाजवलं, प्लायवूडच्या तुकड्यावर आकडे लिहिले आणि म्हणाला, "सतरा? दिसत न्हाय, पर माप ते माप. मग ठीक हाय, त्याच खुर्चीत भागतंय तुमचं." मी जिंकले होते. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी सामान आलं. शिपायाला बिनहातांचा, रुंद, मजबूत बाक मिळाला. तो त्यावर बसला, दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या आणि म्हणाला, "आयला, तालमीतनं भाईर पडल्यापास्नं पयल्यांदा पुरा बसलोय बघा." रजिस्ट्रार साहेबांची मान सुटली. ती नव्या उंच टेबलाशी ताठ बसायला लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आधीची पावणेदोन वर्षं ती बिचारी दोन घड्या घालून बसत होती. सगळ्यांचं जमलं. जमलं नाही ते फक्त माझं. सागवानी खुर्ची पॉलिश होऊन, नवा वेत विणून माझ्यापुढं चमकत होती, आणि टेबल सतरा इंचांच्या हिशेबानं उंच केलेलं. कीबोर्डवर हात ठेवायचे तर खांदे कानाला लागायचे. वीट शोधली तर जुन्या सामानाबरोबर गेलेली. मागणार कुणाला? सतरा इंचांच्या बाईला वीट कशाला लागते?

मग मी रोज त्या सॅंडल घालायला लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. सकाळी साध्या चपलेनं निघायचं, जिन्याखाली उभं राहून सॅंडल बदलायच्या, दिवसभर टाचांवर बसायचं, संध्याकाळी पुन्हा बदलायच्या. शिपाई म्हणायचा, "मॅडम हल्ली लई फॅशनमधी हाय की." नवरा रात्री पायांना तेल चोळताना म्हणाला, "हेडक्लार्क झालीस का कॅबरे करतेस?" त्याला खरं सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर साऱ्या मंगळवार पेठेला कळलं असतं.

आणि एवढं सोसून मला बघावं लागायचं काय, तर समोर ती. पाय टेकलेले, पाठ टेकलेली, चेहऱ्यावर शांती. तिला आराम मिळाला याचा मला माझ्या दुखण्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा. मी तिच्या पत्रांत नसलेल्या चुका काढायचे. एकदा अर्ध्या दिवसाची रजा नाकारली. तिनं "बरं मॅडम" म्हटलं. तिनं एकदा तरी उलट बोलायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं.

चौथ्या महिन्यात व्हायचं ते झालं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टाच वाकडी पडली आणि माझा घोटा मुरगळला. तीन दिवसांनी पट्टी बांधून, सपाट चपलेत ऑफिसात आले आणि त्या खुर्चीत बसले. पाय अधांतरी. दुखरा घोटा लोंबता राहिला की ठणका थेट गुडघ्यापर्यंत यायचा. अकरा वाजेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी फायलीत तोंड घालून बसले होते.

ती उठली, तिच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि माझ्या पायाशी काहीतरी ठेवलं. वीट. माझीच, साडीच्या कापडातली. अभ्रा धुतलेला होता.

"कुठं होती ही?" मी विचारलं.

"सामान हलवलं तेव्हा काढून ठेवली होती. माप घेतलं त्या दिवशीच वाटलं होतं, लागेल."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही घड्याळाकडं बघत होता, मॅडम."

ती जागेवर जाऊन बसली. म्हणजे चार महिने तिला सगळं ठाऊक होतं. जिन्याखालच्या सॅंडल, खोट्या चुका, नाकारलेली रजा, सगळं ठाऊक असून ती "बरं मॅडम" म्हणत होती. मी पाय विटेवर ठेवले. ठणका थांबला. आणि मला तिचा इतका राग आला की तीच वीट उचलून भिरकावावीशी वाटली. उंची होती, वय होतं, वर मोठं मनही हिलाच. देवानं एखादी गोष्ट तरी माझ्यासाठी ठेवायची होती.

त्याच आठवड्यात मिस्त्री एका कपाटाचं बिजागर बसवायला आला. माझ्या पायाखालची वीट त्यानं बघितली आणि हातातला स्क्रू खाली ठेवला.

"ताई, हे काय? सतराचं माप, आन् पाय टेकत न्हाईत? असं हुतंय कसं?" मग तो तिच्याकडं वळला. "माप तू घेतलंतंस न्हवं गं? टेप धराय येत न्हाय व्हय तुला? माझं काम बाद केलंस की."

रजिस्ट्रार साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनीही तिच्याकडं बघितलं. "अगं, एवढं साधं काम. बाईंना चार महिने त्रास झाला तुझ्यामुळं."

ती खाली मान घालून उभी. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला. ती पहिल्यांदा चुकीची ठरत होती आणि मी पहिल्यांदा बिचारी. नुसतं गप्प बसायचं होतं, खुर्ची माझी, वीट माझी, सहानुभूतीही माझी. मी तिच्याकडं बघितलं. ती घड्याळाकडं बघत होती.

ते मात्र मला सोसेना.

"तिनं बरोबर घेतलं होतं," मी म्हणाले. "मीच उंच टाचा घातल्या होत्या. अडीच इंच. साडीखाली."

शिपाई हसायला तोंड उघडून तसाच राहिला. मिस्त्रीनं माझ्याकडं, मग खुर्चीकडं बघितलं. "का वो, ताई?" त्यानं विचारलं. पण उत्तर त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "मग ही खुर्ची सुटली तुमची. एवढ्या सागवानाचं पाय मी कापायचा न्हाय. आन् कापलं तरी बैठक खोल ती खोलच. ही ह्या पोरीलाच बसंल. मी तवाच बोललो हुतो."

मी खुर्चीवरून उतरले. म्हणजे उतरावंच लागायचं, तिच्यावरून नुसतं उठता येत नसे. पाठीवरचा टॉवेल काढून हातात घेतला, तेवढा माझ्या घरचा होता. स्टुलावर बसले, चपला काढल्या. फरशी गार होती. मिस्त्रीनं टेप तिच्या हातात दिला आणि पाठ केली.

ती पुन्हा माझ्या पायाशी गुडघे टेकून बसली. या वेळी मी घड्याळाकडं बघितलं नाही, खाली बघितलं. ती आल्यापासून दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदा वरून बघत होते. सरळ भांग, मध्ये एक पिन, आणि टेप धरताना जीभ दातात धरायची सवय, लहान पोरांसारखी.

"साडेचौदा," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त मिस्त्रीला ऐकू जावं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार होते. काहीतरी म्हणणारही होते. पण केस बघितले, आणि हात तसाच राहिला. किती दाट होते मेलीचे, आणि एक पांढरा नव्हता.